अंगणातला विस्तव : खान्देशात घराजवळ जाळ करताना पाळावयाचे नियम आणि घ्यावयाची काळजी

खान्देशात दिवाळी आटोपली आणि पहाटेचा गारठा वाढू लागला, की विस्तव घरातून अंगणात येतो. सकाळी पाण्याचा बंब पेटतो, संध्याकाळी ओट्यासमोर शेकोटी होते आणि सुटीच्या दिवशी मळ्यात भरीत पार्टी ठरते. फाल्गुनात होळी येते आणि वैशाखात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरच्या पुरणपोळ्यांसाठी घरामागे मोठी चूल मांडली जाते. यांपैकी काही बंद करा, असे सांगण्याचा माझा हेतू नाही. मात्र याच काळात अनेक घरांच्या पुढच्या खोलीत भाव वाढण्याची वाट पाहत कापूस भरलेला असतो, मागच्या बाजूला पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे, ढीग रचलेले असतात आणि गोठ्याला लागून कडब्याची गंजी उभी असते. आपल्या अंगणातून उडालेली ठिणगी शेजाऱ्याच्या कापसापर्यंत पोहोचायला फार तर वीस पावले जावे लागते. म्हणून जाळ कोणता करावा, कुठे करावा, आणि मुख्य म्हणजे तो संपला असे केव्हा मानावे, हे आधी नीट ठरवून घेतले पाहिजे.

कायदा काय म्हणतो

कायद्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न असा, की तुम्ही जाळणार काय आहात. स्वयंपाकासाठी किंवा शेकण्यासाठी सुके लाकूड, गोवऱ्या, पऱ्हाट्या जाळणे आणि नकोसा झालेला कचरा जाळणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्या अंगणातल्या चुलीसाठी कोणी परवाना मागायला येत नाही. कचऱ्याचे मात्र तसे नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर, सार्वजनिक मोकळ्या जागेत किंवा नाल्यात कचरा टाकण्यास, पुरण्यास व जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर पूर्ण बंदी घातली आणि साध्या प्रकरणात ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर कचरा जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. झाडलोटीचा पालापाचोळा हासुद्धा या हिशेबात कचराच आहे. ‘माझ्याच दारात तर जाळतो’ हे उत्तर जळगाव किंवा धुळे महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकापुढे टिकेल, या भरवशावर कोणी राहू नये. पाल्यासाठी अंगणाच्या कोपऱ्यात दोन-तीन फुटांचा खड्डा करून त्यात थोडे शेण आणि पाणी टाकत गेल्यास पावसाळा सरेपर्यंत उत्तम खत तयार होते, आणि दंडाचा विषयच उरत नाही.

दुसरा प्रश्न निष्काळजीपणाचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा बेफिकिरीने विस्तव हाताळणाऱ्यास किंवा आपल्या ताब्यातील विस्तवाची पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वी हाच गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम २८५ मध्ये होता. या कलमातली एक बाब लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. प्रत्यक्षात काही जळलेच पाहिजे, अशी त्यात अट नाही. धोका निर्माण होणे पुरेसे आहे. पेटती शेकोटी तशीच सोडून झोपायला गेलेला माणूसही त्यामुळे या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो. धुराने आसपासच्या लोकांच्या आरोग्याला अपाय होईल अशी हवा दूषित करणे हा कलम २८० खालील वेगळा गुन्हा आहे. वैरापोटी दुसऱ्याची गंजी किंवा पीक पेटवून देणे याला कलम ३२६ लागते. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि राहते घर जाळण्याचा हेतू असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

शहरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनासाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे आणि त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांच्या अर्थात झाड जाळणे व त्याला इजा करणे हेही धरलेले आहे. दारातल्या निंबाच्या बुंध्याशी रोज शेकोटी पेटवून त्याची साल करपवणे ही बाब म्हणूनच केवळ हळहळण्यापुरती राहत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हणजे यावल, चोपडा, रावेर, शिरपूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांत ज्यांची घरे किंवा मळे जंगलाला लागून आहेत, त्यांना नियम अधिक कडक आहेत. राखीव वनात विस्तव पेटवणे, नेणे किंवा वनाला धोका होईल असा जळता ठेवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. यावल आणि अनेर धरण या अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम ३० लागू होते. फेब्रुवारी ते जून हा वणव्यांचा काळ असल्याने या महिन्यांत वनहद्दीलगतच्या घरांनी उघडा जाळ टाळलेला बरा. बांध साफ करण्यासाठी गवत पेटवण्याची सवय तर सोडूनच द्यावी, कारण वाळलेल्या गवतातली आग उतारावरून वर चढताना माणसाच्या धावण्याला हार जात नाही. वणवा दिसल्यास वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

याशिवाय सणासुदीला किंवा तणावाच्या प्रसंगी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचे कलम १४४) तात्पुरते मनाई आदेश निघू शकतात. रस्त्यावर किंवा चौकात होळी करायची असेल तर पोलीस ठाणे आणि नगरपालिका यांच्याकडे आठवडाभर आधी विचारणा करावी. गावात ग्रामपंचायतीने तसा काही ठराव केला आहे का, हे ग्रामसेवकाला विचारून घ्यावे. अपार्टमेंटच्या गच्चीवर शेकोटी किंवा भरिताचा बेत असल्यास सोसायटीची परवानगी हवी. माझे मत विचाराल तर गच्चीवर उघडा जाळ करूच नये, कारण तेथे वारा जास्त असतो आणि खाली उतरायला जिना एकच असतो.

जागा आणि वारा

अग्निसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय संहितांमध्ये शेकण्या-भाजण्यापुरत्या छोट्या जाळासाठी तीन फूट रुंदी आणि दोन फूट उंची ही मर्यादा धरतात आणि तो इमारतीपासून व जळाऊ वस्तूंपासून २५ फूट दूर ठेवायला सांगतात. त्याहून मोठ्या जाळासाठी, म्हणजे आपल्या होळीसारख्या, हे अंतर ५० फूट होते. ही मापे आपल्याकडेही उपयोगी पडतात, कारण त्यांवरून आपली जागा कोणत्या जाळाला पुरेशी आहे ते चटकन कळते. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घर बांधल्यानंतर उरलेल्या अंगणात २५ फुटांचे अंतर कोठूनही मिळत नाही. अशा ठिकाणी जमिनीवर शेकोटी न पेटवता लोखंडी घमेल्यात किंवा जाड पत्र्याच्या शेगडीत, विटांवर ठेवून, मूठभर जाळावर भागवावे. मळ्यातल्या घराला अंतराची अडचण नसते. तेथे अडचण असते ती गंजीची, पऱ्हाट्यांची आणि वाळलेल्या केळीच्या पानांची.

जागा निवडताना वर पाहण्यास विसरू नये. महावितरणच्या तारांखाली, विशेषतः ११ केव्ही वाहिनीखाली, जाळ करू नये. दाट धूर आणि धग यांमुळे तारांमधून ठिणगी पडण्याचा धोका असतो. वर झाडाची वाळकी फांदी, पत्र्याच्या शेडला बांधलेले हिरवे शेडनेट किंवा मंडपाचे कापड असेल तरीही जागा बदलावी. निवडलेल्या जागेभोवती चार-पाच फूट रुंदीचा पट्टा कुदळीने खरवडून उघडी माती करून घ्यावी आणि मध्ये वीतभर खोल खड्डा घ्यावा. कडेला दगड लावायचे असल्यास नदीतले किंवा ओले दगड घेऊ नयेत, कारण त्यांच्यात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की ते तडकतात आणि कपच्या उडतात.

वाऱ्याची पारख करायला यंत्र लागत नाही. अंगणातली धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, तर वारा ताशी २० किलोमीटरच्या वर आहे असे समजावे आणि त्या दिवशी काडी ओढू नये. हिवाळ्यात खान्देशातल्या रात्री बहुधा शांत असतात, पण मार्चपासून दुपारच्या वावटळी सुरू होतात, आणि मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेलेला असताना गवत, पत्र्याखालचे बांबू, जुने लाकडी दरवाजे, सारेच कोरडे ठणठणीत झालेले असते. आखाजीची चूल नेमकी याच दिवसांत पेटते. ती सकाळी लवकर, वारा उठण्याआधी आटोपावी आणि चुलीला तीन बाजूंनी विटांचा आडोसा करावा. खापर तापवायला लागणारा जाळ मोठा असतो, त्यामुळे पोळ्या झाल्यावरही चुलीत भरपूर निखारे उरतात. त्यांचे काय करायचे, ते पुढे सांगितले आहे.

जळण आणि पेटवणे

जळणात काय नसावे, हे आधी सांगतो. प्लास्टिक, टायर, रंग दिलेले लाकूड, प्लायवूड आणि वायरचे तुकडे यांच्या धुरात विषारी द्रव्ये असतात. पीव्हीसीसारख्या प्लास्टिकमधून तर डायॉक्सिनसारखी अत्यंत घातक रसायने निघतात. कण्हेरीच्या वाळक्या फांद्याही जाळू नयेत, कारण त्या झाडाचे विष धुरातूनही बाधते. आपल्या भागात सर्वांत मोठा धोका कपाशीवर फवारलेल्या औषधांच्या रिकाम्या डब्यांचा आणि पाकिटांचा असतो. हे डबे शेकोटीत टाकले तर बंद डबा फुटतो, आणि उघडा असेल तर त्यातले उरलेसुरले औषध थेट श्वासात जाते. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरण्यास सांगितले आहे.

पेटवण्यासाठी पेट्रोल, डिझेल किंवा थिनर कधीही वापरू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, आणि काडी ओढताच ओतणाऱ्याच्या पायापर्यंतचा पट्टा एकदम पेट घेतो. विझत आलेल्या जाळावर वरून ओतणे तर याहून वाईट, कारण धार पेट घेऊन आग कॅनपर्यंत येते. गोवरीचा तुकडा, कापराची वडी आणि दोन-चार तुरीच्या काड्या एवढ्यावर कोणताही जाळ धरतो. धरत नसेल तर जळण ओले आहे असे समजून ते बदलावे.

पेटवण्याआधी पाणी भरून ठेवावे. नळी नळाला लावली म्हणजे तयारी झाली, असे मानू नये. शहरात पाणी काही दिवसांआड येते आणि मळ्यात पंपाची वीज पाळीने मिळते, त्यामुळे ऐन वेळी दोन्ही कोरडे असण्याची शक्यता असते. दोन बादल्या किंवा एक ड्रम पाणी, एक घमेले कोरडी माती, फावडे आणि दोन भिजवलेली तागाची गोणपाटे, एवढे हाताशी असावे. जाळाजवळ राहणाऱ्यांनी सुती कपडे घालावेत. नायलॉन वा पॉलिस्टरचे कापड वितळून कातडीला चिकटते. पदर खोचलेला असावा आणि मफलर किंवा उपरण्याची टोके लोंबू देऊ नयेत. जोपर्यंत जाळ आहे तोपर्यंत त्याच्यापाशी एक जाणते माणूस नेमून दिलेले असावे; ‘सगळेच होतो की तिथे’ असे म्हणणाऱ्यांत बहुधा कोणीच लक्ष ठेवून नसते.

भरीत पार्टीविषयी थोडे अधिक

जळगावच्या भरीत वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यांची चव अजूनही पऱ्हाट्यांच्या जाळावरच उतरते, याविषयी आपल्याकडे दुमत नाही. पऱ्हाटीचा स्वभाव मात्र ओळखून असावा. ती वाळलेल्या गवतासारखी चटकन पेटते, क्षणात माणसाच्या उंचीपर्यंत भडकते, चिकटून राहिलेल्या कापसाच्या जळत्या पुंजक्या हवेत सोडते आणि तितक्याच लवकर बसते. म्हणून पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारीच भट्टी लावणे ही सर्वांत मोठी चूक होय. ढिगातून लागतील तेवढ्या काड्या उचलून २५-३० पावले दूर न्याव्यात. भट्टी ढिगाच्या वाऱ्याखालच्या बाजूला असावी, म्हणजे ठिणग्या ढिगाकडे न जाता उलट दिशेने जातील. एकदम भारा न टाकता कवळभर काड्या टाकाव्यात. वांगी आतपर्यंत शिजायला भडक्यापेक्षा सारखा जाळ लागतो. वांग्यांना आधी टोचे मारून घ्यावेत, नाही तर आतली वाफ कोंडून वांगे फुटते आणि गर थेट हातावर किंवा तोंडावर उडतो. वांगी उलथण्यासाठी हिरव्या फांदीची लांब काठी घ्यावी.

भाजणाऱ्यांचे लक्ष जाळाकडे असते, पण पार्टीतला खरा अपघात पुष्कळदा पलीकडच्या पुऱ्यांच्या कढईपाशी होतो. तापलेल्या तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी टाकू नये; पाण्याची एकदम वाफ होऊन जळते तेल चारी बाजूंना उडते. खालचा जाळ ओढून काढावा, शक्य असल्यास परात किंवा लोखंडी झाकण कढईवर सरकवून ठेवावे आणि ती गार होईपर्यंत उघडू नये.

पऱ्हाट्या घरामागे वर्षभर साठवण्याची पद्धत आगीच्या दृष्टीने तर वाईट आहेच, शिवाय गुलाबी बोंडअळी त्यांच्यात सुप्त राहून पुढच्या हंगामात पुन्हा उठते. लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या यंत्राने बारीक करून शेतात मिसळाव्यात किंवा खतासाठी घालाव्यात.

घरात कापूस असताना

कापूस भरलेल्या खोलीच्या भिंतीला टेकून बंब, चूल किंवा शेकोटी ठेवू नये. खिडकी किंवा झरोका जाळाच्या बाजूला उघडत असेल तर तो बंद करावा. कापसाला लागलेली आग नेहमी ज्वाळेनेच दिसते असे नाही. ठिणगी आत शिरली की ती धाग्यांत अडकलेल्या हवेवर हळूहळू धुमसत जाते, बाहेरून काही कळत नाही, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, ढीग एकदम पेटतो. वरून पाणी मारून विझलेला कापूस आतून जळतच राहतो. त्यामुळे अशी शंका आल्यास कापूस बाहेर मोकळ्या जागेत काढून, पसरून, हाताने चाचपून पाहण्यावाचून इलाज नाही. करपल्याचा वास येत असेल आणि जाळ दिसत नसेल, तर पहिली शंका कापसावर घ्यावी.

गोठ्यात डास-गोचिडांसाठी निंबाच्या पाल्याचा धूर करणाऱ्यांनी तो घमेल्यात, कडब्यापासून दूर करावा आणि रात्री झोपण्यापूर्वी घमेले बाहेर काढावे. थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपण्याची चूक तर कोणीच करू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही.

विझवणे

आमच्याकडे एकदा भरिताची राख दुसऱ्या दिवशी सकाळी घमेल्याने उकिरड्यावर टाकली होती. बारा तास उलटून गेले होते, राख वरून पांढरी आणि गार होती. दुपारी वारा सुटला आणि उकिरडा पेटला. शेजारची गंजी थोडक्यात वाचली, ती शेजाऱ्याने वेळेवर आरडाओरडा केला म्हणून. तेव्हापासून राखेला मी विझलेली समजत नाही.

राख ही निखाऱ्याची दुलई आहे. तिच्याखाली तो दुसऱ्या दिवसापर्यंत सहज जिवंत राहतो. नुसती माती लोटल्याने तो झाकला जातो, पण मरत नाही. योग्य पद्धत अशी, की जळकी लाकडे फावड्याने एकमेकांपासून अलग करावीत, त्यांच्यावर सर्व बाजूंनी पाणी घालावे, राख उलथून पुन्हा पाणी घालावे आणि फसफस आवाज पूर्ण थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. पाणी लांबून, थोडे थोडे घालावे, कारण उठणारी वाफ चेहरा भाजू शकते. शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन धग लागते का ते पाहावे. धग लागत असेल तर विस्तव अजून आहे. चुलीतले आणि बंबातले निखारे झाकण असलेल्या लोखंडी डब्यात काढून, डबा भिंतीपासून दूर फरशीवर ठेवावा. प्लास्टिकच्या बादलीत किंवा पोत्यात राख भरू नये. शहरात घंटागाडीत राख टाकायची असल्यास ती ओली करून, एक दिवस ठेवून मगच टाकावी.

आग हाताबाहेर गेल्यास

पहिल्या दोन मिनिटांत गोणपाट, माती आणि पाण्याने आग आटोक्यात येत नसेल, तर विझवण्याचा हट्ट सोडून माणसे बाहेर काढावीत. १०१ किंवा ११२ वर फोन करून गाव, गल्ली, जवळची खूण आणि काय जळत आहे ते सांगावे. तालुक्याच्या ठिकाणाहून अग्निशमन बंब यायला वेळ लागतो, म्हणून एका माणसाला वाट दाखवायला फाट्यावर उभे करावे आणि गावातला पाण्याचा टँकर किंवा फवारणीचे ट्रॅक्टर मागवून घ्यावे. मेन स्विच बंद करावा. तार तुटली असेल तर जवळ न जाता १९१२ वर महावितरणला कळवावे आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नये. गॅसची टाकी सहज हाती लागत असेल तरच बाहेर काढावी. गोठ्याला धोका असेल तर गाठी सोडवत न बसता दावी विळ्याने कापावीत; जनावरे भेदरून पुन्हा गोठ्याकडे धावतात, म्हणून त्यांना दूर हाकलून द्यावे.

अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे. दुसऱ्याने जाड सुती गोधडी किंवा घोंगडी टाकून ज्वाळा दाबाव्यात. भाजलेल्या भागावर साधे वाहते पाणी सुमारे वीस मिनिटे सोडावे. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज येण्याआधी काढाव्यात, मात्र चिकटलेले कापड ओढू नये. हळद, टूथपेस्ट, शाई, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याने जखम झाकली जाते आणि डॉक्टरांना ती पुन्हा खरवडून साफ करावी लागते. फोड फोडू नयेत, स्वच्छ सुती कापडाने झाकून १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. चेहरा, हात, सांधे भाजले असतील, धूर छातीत गेला असेल किंवा भाजलेले लहान मूल असेल, तर जखम किरकोळ दिसली तरी दवाखाना टाळू नये.

घर, गोठा किंवा साठवलेले धान्य जळाले असेल तर जागा साफ करण्याची घाई करू नये. आधी सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्यावा, पोलीस ठाण्यात नोंद करावी आणि विमा असल्यास कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. जनावर दगावले असल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन होईपर्यंत ते पुरू नये, कारण मदतीच्या अर्जासोबत तो दाखला मागितला जातो.